पांढरी पाचच्या केसभर वर

देवगडच्या जेटीमागे आमचा बर्फाचा कारखाना.
रात्रभर एकच सूर धरून बसतो,
पांढरी पाचच्या केसभर वर.
भार आला की किंचित उतरतो,
लाद्या निघाल्या की पुन्हा जागेवर.
हे मी मोजलंय, पण फार उशिरा.
लहानपणी तो सूर नव्हताच,
तेव्हा त्याला आम्ही रात्र म्हणायचो.

शहरात शिकले, की गाणं तीन मिनिटांचं असावं
आणि पंधराव्या सेकंदाला ऐकणाऱ्याच्या हाती
काहीतरी गोड ठेवावं.
माझं पहिलं गाणं सात मिनिटांचं निघालं.
आई विचारते, "ह्यात तू गातेस कधी?"
मी म्हणते, "चौथ्या मिनिटाला."
ती थांबते. कोलंबी सोलत, पाय पसरून,
चौथ्या मिनिटापर्यंत खरंच थांबते,
आणि मी गायला लागले की म्हणते, "हां, आली."

मुलाखतीत एकदा सांगून बसले,
माझं संगीत समुद्रातून येतं.
छापून आलं, फोटोसकट.
खोटं आहे ते.
समुद्र मायक्रोफोनमध्ये मावत नाही,
नुसती खरखर येते, स्टेशन न लागलेल्या रेडिओची.
माझ्या तीन गाण्यांतल्या लाटा
म्हणजे आईच्या तव्यावरचे बांगडे.
ते ऐकून एकाने लिहिलं होतं, त्याला त्याचं गाव आठवलं.
मी त्याला काही कळवलं नाही.
त्याचं गाव खरंच होतं ना.

हसनचाचा सोलकर, नाट्याचे.
एकतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी.
उजवा कान गेलेला, डावा रजेवर.
मशीन ते हातानं ऐकतात,
तळवा पाइपावर, डोळे मिटलेले,
बोटं जराशी उचललेली,
कुणाचा ताप बघावा तशी.

त्यांना ऐकवायला मी स्पीकर घेऊन गेले.
हजेरीच्या वहीवर ठेवला.
त्यांनी त्याच्यावर हात ठेवला.
मान हलली नाही, पाय हलला नाही.
दुसऱ्या मिनिटाला म्हणाले,
"ह्येचां बेरिंग गेलां हा."

मी हसले.
मग फाइलवरची तारीख बघितली.
फेब्रुवारी.
मार्चात मशीन बसलं होतं, तीन दिवस.
दोन ट्रॉलरांची सुरमई मातीमोल गेली,
बाबा जेटीवर जाईनात, लोक घरी येऊ लागले.
आणि ज्या थरथरीवर मी अख्खं गाणं उभं केलं,
जिला मी सगळीकडे जिवंत म्हणत फिरले,
ती बिघडत होती.

"तुका तेवां कळूक नाय?"
चाचांनी विचारलं. रागानं नाही,
तेलाची बाटली कुठे ठेवलीस, असं विचारावं तसं.

कळलं होतं.
काहीतरी वेगळं होतं, एवढं कळलं होतं.
मला ते सुंदर वाटलं,
आणि सुंदर वाटल्यावर मी पुढे विचारलं नाही.
हे मी त्यांना सांगितलं का?
चहा आला होता, तो प्याले.

आता नवं बेअरिंग आहे.
सूर सरळ, धुतलेल्या काचेसारखा,
त्यात मला शिरायला फट नाही.
आठ महिने झाले, काही लिहिलेलं नाही,
आणि कारखाना उत्तम चालू आहे.
या दोन वाक्यांमध्ये "म्हणून" घालायची हिंमत
मला अजून होत नाही.

जाताना त्यांनी हाक मारली, "चेडवा."
माझं मनगट धरून
हात पाइपावर ठेवला, हिम साचलेल्या जागी,
मग चार बोटं खाली सरकवला.
"हयसर."
मला काही लागलं नाही. गारवा फक्त.
"काय हा हय?"
ते बोलले नाहीत. ऐकू गेलं नसेल,
किंवा गेलं असेल.
बाहेर पहिल्या लादीवर फावडं पडलं,
कुणीतरी कुणाच्या तरी बापाचा उद्धार केला.
रेकॉर्डर पिशवीतच होता.
तळवा बधिर होत चालला होता,
आणि चाचा म्हणाले, "थांब."

मी थांबले.
चौथ्या मिनिटापर्यंत तरी.