मंगळवार, शुक्रवार

मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते
लिअँडर पाइकच्या छातीतलं पाणी काढायला.
बंदरावर धुकं, गाडीचे दिवे पिवळे,
ब्राइडने पायरीवर आधीच मीठ फेकलेलं.

बरगडीखालच्या नळीला बाटली जोडते, चिमटा सोडते.
तो विचारतो, आज रंग कसा?
मी म्हणते, कोरा चहा, पातळ.
"म्हणजे ब्राइडच्या हातचा," म्हणतो,
आणि हसू नये तेव्हा हसतो.
मग आम्ही तिघंही खोकला संपायची वाट बघतो.

मासळी कारखान्याच्या कॅलेंडरवर ती आकडे लिहिते:
चारशे. साडेतीनशे. पाचशे दहा.
कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं,
वार तिने पेनाने बदललेत.

एकोणीस वर्षांचा होता, फ्लोरस्पारच्या खाणीत उतरला तेव्हा.
धूळ, गुडघाभर पाणी, आणि दगडातून झिरपणारं
काहीतरी, ज्याला ना वास ना रंग,
ज्याचं नाव त्यांना फार उशिरा कळलं.
गल्लीतल्या अकरांपैकी सात घरांत
एकेक खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली.
सिगारेटही ओढायचा. ते तो स्वतःच सांगतो,
कुणी विचारायच्या आत.

सेंट जॉन्सला जायला चार तास, यायला चार,
मध्ये अर्ध्या तासाचं सलाइन.
सहा वेळा गेला. सातव्या वेळी फोटोत
गाठी पुढे सरकल्या होत्या.
अजून एक औषध आहे, डॉक्टर म्हणाली.
"आणि ते आठ तास?" त्याने विचारलं,
"ते कोण परत देणार?"
तिने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली.
मला ती बाई तेवढ्यासाठी आवडते.

मॉर्फिनची छोटी बाटली मी टेबलावर ठेवली
तेव्हा ब्राइड भांडी घासायला लागली, घासलेलीच.
"म्हणजे आता तेच ना?"
नाही, म्हटलं. हे जिन्यासाठी आहे.
रात्री अडीच वाजता जो छातीवर येऊन बसतो त्याच्यासाठी.
अर्धा चमचा. आणि हा पंखा, मुठीत मावणारा,
गालाशी धर; वारा लागला की
जिवाला वाटतं, कुणीतरी खिडकी उघडली.
घ्यायचं नंतर बघू, आधी श्वास सोडायला शीक,
लांब, कढत चहावर फुंकर घालतोस तसा.
"जन्मभर दम धर म्हणालात," तो म्हणाला,
"आता म्हणता, सोड."

मुलगा पश्चिमेला, तेलाच्या वाळूत कामाला.
फोनवर विचारतो, किती महिने?
मी विचारते, रजा किती आहे?
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणतो, बघतो.

मार्चच्या वादळात वीज गेली.
ऑक्सिजनचं यंत्र शिटी मारून थांबलं.
उरला एक सिलेंडर, त्यात तीन तास.
रस्ता बंद. मी सतरा किलोमीटरवर, फोन कानाला,
ब्राइडला सांगतेय, काटा वाच. पुन्हा वाच.

तेव्हा दारात क्लीटस टारंट.
होडीच्या उतारावरून नऊ वर्षांचा अबोला,
घसरगाडीवर जनरेटर, भुवयांत बर्फ.
ना हाक, ना हवापाण्याची गोष्ट.
खिडकीच्या फटीतून वायर आत सरकवली,
फटीत स्वतःचा मफलर कोंबला,
आणि शेडमध्ये जाऊन बसला
रात्रभर पेट्रोल ओतत.

पहाटे लिअँडर म्हणाला, त्याला सांग,
तो आवाज बंद कर, झोप लागत नाही.
ब्राइडने दार किलकिलं करून निरोप दिला.
शेडमधून उत्तर आलं,
"मेल्यावर झोप म्हणावं."

आत तो इतका हसला
की आणखी अर्धा चमचा द्यावा लागला.

शुक्रवारी रस्ता उघडला.
मी बाटली उजेडात धरली. साडेचारशे.
ब्राइडने आकडा लिहिला, आणि त्याखाली, बारीक अक्षरात:
क्लीटस, पेट्रोल, अठरा लिटर, द्यायचे.
तो घेत नाही म्हणतो.
तिने खोडलेलं नाही.