रविवारचा रकाना

ग्रंथालयाच्या आवक-जावक रजिस्टरची
मागची पानं कोरी होती. तिथंच सुरू केलं.
उभ्या रेघा पट्टीनं ओढल्या, आडव्या नुसत्या हातानं,
म्हणून त्या परभणीच्या रस्त्यांसारख्या.

पहिलं नाव चढलं ते एका उत्तरामुळं.
जेवलास का, असं मी सगळ्यांना विचारायचे.
सगळेच म्हणायचे, हो मॅडम, आत्ताच.
'हो' म्हणायला काय लागतं?
मग प्रश्न बदलला : काय जेवलास?
केरबा वैरागर, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
न अडखळता म्हणाला,
वांग्याची भाजी, वरण, दोन पोळ्या, कांदा.
मुंजाभाऊच्या मेसच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं तेच,
त्याच क्रमानं, कांद्यासकट.
फक्त त्या दिवशी मुंजाभाऊची सासू वारली होती
आणि मेसला कुलूप होतं.
फळा आदल्या दिवशीचा.

मी काही बोलले नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मग भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडं.

मुंजाभाऊ म्हणाला, फुकट नको मॅडम,
फुकट जेवणारं लेकरू दुसरी पोळी मागत नाही.
उधारीवर लिहून ठेवू.
उधारीची ती वही मी कधी पाहिली नाही.
भट्टीजवळ ठेवत असेल.

खोलीचं अवघड.
भाकरी या हातातून त्या हातात जाते,
पत्रा जात नाही.
सेवंता आडे सांगायची, जिंतूरच्या पहिल्या एस.टी.नं येते.
पहिली गाडी सव्वासातला लागते.
ही साडेसहालाच फाटकाशी उभी,
केसांना पाणी लावून,
ओढणीला स्टँडच्या बाकड्याचा ओला हिरवा रंग.
आईबाप कारखान्यावर,
तांड्यावरच्या घराला दिवाळीपासून कुलूप.

गंगाखेड रोडच्या शकुराबी म्हणाल्या,
वर पत्र्याची खोली आहे, शेळी बांधतो,
शेळीला खाली घेते.
आणि भाडं?
त्यांनी पान जुळवलं, चुना लावला, मग म्हणाल्या,
नातवाचं इंग्रजी. आणि रात्री गच्चीच्या दाराला आठवणीनं कडी.
शेळी अजून रोज जिना चढून वर जाते.
सेवंता म्हणते, असू द्या मॅडम, खोली तिची आहे.

एका बाईंनी बुधवार दिला.
फोन ठेवता ठेवता विचारलं,
पोरगं कुणातलं आहे?
मी म्हटलं, बी.एस्सी.तलं.
बुधवार परत गेला.

प्राचार्य म्हणाले, निकष काय?
उत्पन्नाचा दाखला जोडलाय का प्रत्येकाचा?
जोडते म्हटलं. जोडला नाही.
दाखल्याला तहसीलच्या दोन खेपा,
दोन खेपांच्या तिकिटात चार जेवणं.

आता एकतीस नावं आहेत.
काही मी लिहिली, काही रात्रीतून
दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आली,
एका नावापुढं तर फक्त 'माझा मित्र'.
तो मित्र कोण, अजून शोधतेय.

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते.
तो रकाना काही भरत नाही.
पेन्सिलीनं दोनदा माझं नाव लिहिलं, दोनदा खोडलं.
एकतीस म्हणजे एकतीस, माझा तवा एकच.
तिथला कागद आता इतका पातळ झालाय
की मागच्या पानावरची जुनी नोंद दिसते :
पुस्तक गहाळ.

या सोमवारी केरबा पुस्तक परत द्यायला आला.
काय जेवलास?
शिक्का माझ्या हातात तसाच.
त्यानं काउंटरवरची धूळ बोटानं सरळ रेघेत ओढली.
म्हणाला, काल रात्रीपासून काही नाही मॅडम.
रविवार होता.

शिक्का मारला. तारीख नीट उठली नाही, पुन्हा मारला.
डब्यात दीड भाकरी होती, कारळाची चटणी.
अर्धी मला लागते,
हे त्याला आधीच सांगितलं.