पासवर्ड लिहिताना काही दिसत नाही

ग्योर्लित्समध्ये पूल ओलांडला की पोलंड लागतं.
पासपोर्ट कुणी विचारत नाही.
रोझविता क्रेचमर दर शुक्रवारी जाते पलीकडे,
खसखशीचा केक आणते, कधी बुटांना तळवे ठोकून आणते
आणि जेवायच्या आत परत.

तिचा लॅपटॉप मात्र अलीकडेच अडकला होता.
नवी आवृत्ती याला पेलणार नाही, असं
कंपनीनं कळवलं होतं, नम्रपणे, तीन वेळा.
तसा धडधाकट होता. एक बिजागरी तेवढी सैल.

महिन्यातले दोन शनिवार आम्ही चर्चच्या तळघरात बसतो.
टोस्टर, रेडिओ, शिलाई मशीन, जे येईल ते.
कॉम्प्युटरचं टेबल माझं.
म्हटलं, हे काढून टाका, दुसरं घालू, फुकट आहे,
दहा वर्षं जगेल अजून.
काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे दिवस गेले,
आता सगळं माऊसनं होतं.
हे मी सगळ्यांनाच सांगतो. पाठ आहे मला.

नमनाला घडाभर तेल गेलं. पेनड्राइव्ह, भाषा, घड्याळ.
मग पडद्यावर एक हिरवा डोंगर उगवला
आणि ती म्हणाली, छान आहे की हो.

तिथंच माशी शिंकली. वायफाय दिसेना.

मी काही न बोलता तीन बटणं एकदम दाबली.
डोंगर गेला. काळं झालं सगळं.
"मेला का?" तिनं विचारलं.

वॅगन कारखान्याच्या कॅन्टीनचे हिशेब
एकोणतीस वर्षं शाईनं लिहिलेली बाई. खाडाखोड नाही.
तिनं चष्मा बदलला, पेन काढलं,
मी सांगत गेलो, ती किराणा बिलाच्या पाठीवर उतरवत गेली.
"इथं जागा सोडायची? किती? एका अक्षराची?"
"ही रेघ जोडून की तोडून?"

मग पासवर्ड.
तिनं टाइप केलं. काही उमटेना.
पुन्हा केलं, सावकाश, एकेक बोट रुतवून.
टिंब नाही, फुली नाही.
"माझं काही पोचत नाहीय त्याला."
पोचतंय, म्हटलं. फक्त दाखवत नाही ते.
"का?"
सुरक्षेसाठी.
ती माझ्याकडे बघत राहिली.
या गावात एक काळ होता,
बोललेलं सगळं पोचायचं
आणि पोचलंय, असं कुणी दाखवायचं नाही.

मग त्यानं विचारलं, पुढं जायचं? J/n.
होकाराचा मोठा J, नकाराचा बारका n.
"बारकं लिहिलंय म्हणजे नाही म्हणायचं नसतं का?"
मी हसलो. ती हसली नाही.

चार मिनिटांत वायफाय लागलं. मला प्लमचा जॅम मिळाला.
पुढच्या खेपेला ती लॅपटॉप घेऊनच आली.
"राहू दे तुमच्याकडं.
टोर्स्टननं नवा घेऊन दिलाय. हप्त्यावर."

त्या रात्री तो पुसायला घेतला.
मेनूत ड्रायव्हरचं बटण होतं. दोन क्लिकांचं काम.
मला माहीत होतं.
त्या शनिवारीही माहीत होतं.
पण बोटं आधीच निघाली होती त्यांच्या वाटेनं,
जशी काही माणसं पाहुण्याला पुढच्या दारानं न आणता
कुत्र्याच्या साखळीवरून, विळ्या-फावड्यांमधून
थेट चुलीपाशी नेतात,
आपलंच घर आहे, या, असं म्हणत.

नोव्हेंबरात पुलावर भेटली, केकची पिशवी छातीशी.
नवा कसा आहे?
"फार विचारतो. मान्य आहे का, मान्य आहे का.
मी वाचत नाही. हो मोठ्ठं असतं, निळं."
थांबली. खाली नायसेचं पाणी मातकट.
"पण टिंबं दिसतात हो.
एक अक्षर दाबलं की एक टिंब."

ते किराणा बिल लॅपटॉपच्या पोटात दुमडलेलं सापडलं मला.
अंडी, लोणी, साबण.
पाठीवर माझी ओळ, तिच्या अक्षरात, एकही चूक नाही.
आणि जिथं जिथं जागा सोडायची होती
तिथं तिनं, विसरू नये म्हणून,
एकेक टिंब दिलंय.