वरून मीठ नाही

वाशीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहिल्या
आणि खाली रेघ ओढून,
गोळीत न मावणारी गोष्ट:
मीठ अर्ध्यावर. वरून तर नाहीच.
आबा हसले. जिथं दात नाहीत तिथूनही हसले.
"डागदर, मी मिठागरावचा मानूस."

एका ओट्यावर दोन कालवणं मी करणार नाही,
म्हणून सगळ्या घराचंच कमी केलं.
पहिल्या आठवड्यात डाळीचा आवाज गेला.
नवरा ताटाकडे न बघता जेवला,
पोरानं भातावर शेवेचं पाकीट उपडं केलं.
आबांनी बोट पाण्यात बुडवलं
आणि ताटाच्या त्या जागेवर फिरवलं
जिथं जन्मभर लिंबाशेजारी चिमूटभर पांढरं असायचं.
तिथं नुसतं स्टील.

मग मी शोधत सुटले.
कळलं, मीठ मिठाच्या डब्यात राहतच नाही.
ते टोस्टात, सॉसच्या बाटलीत,
चहाबरोबरच्या खाऱ्या बिस्किटात पाय पसरून बसलेलं.
लोणच्याची बरणी माळ्यावर गेली,
पापडाचा डबा माहेरी.
सुकट तीन पाण्यांतून काढली, चौथ्यात निजवली.
भाकरीच्या उकडीत मीठ बंद.
आमसूल वाढलं, लसूण वाढला,
कोथिंबीर देठासकट.
मिठाचा चमचासुद्धा बदलला:
पूर्वीचा पोह्यांचा, आताचा
खोकल्याच्या औषधाबरोबर फुकट आलेला.

एका रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उजेड.
आबा. झाकण उघडं. मुठीत मीठ.
मी रागावणार, तेवढ्यात बघितलं,
ते खात नव्हते. दोन बोटांत चोळत होते,
कापडवाला पोत बघतो तसं.
"यो मीठ नाय गो. यो पावडर."
मग उभ्यानंच सांगत बसले:
उघाडी, बांध, भरतीचं पाणी या कुंडातून त्या कुंडात,
चैत्रात जवारीएवढा दाना,
टाचांच्या भेगांत तेल चोळून झोपायचं,
आणि पहाटे मिठावर जो पहिला पाय पडेल
त्याचा आवाज.
मूठ डब्यात सोडली. हात धुतले.
साबण लावून धुतले.

दिवाळीनंतर कधीतरी
लाल भोपळा भोपळ्यासारखा लागला.
पोरगा म्हणाला, आज मीठ जास्त पडलंय?
नव्हतं पडलं.
दुधाच्या हिशोबाशेजारी, कॅलेंडरवर
आबांच्या प्रेशरचे आकडे
हळूहळू जिना उतरत होते.
मी ते शेजारच्या प्रमिला भोईरला दोनदा दाखवले.

मग कोपरखैरण्याला हळद होती.
मांडवात मटण, वडे, भावकी सगळी.
आबांनी एक घास घेतला आणि थांबले.
"खारट हाय."
पंगत गप्प झाली. आचाऱ्यानं रस्सा चाखला,
कपाळावर आठी. बरोबर आहे की.
हिराजीकाकांनी चाखला. बरोबर.
मी चाखला:
खारट.
जोमा मढवी, साठ वर्षांपूर्वी
ज्यांच्या राशीवर व्यापारी नाव घेऊन यायचे,
ते आपल्या तळहाताकडे बघत होते,
कुणी परस्पर काही काढून नेलंय का, असं.
मग म्हणाले, पानी दे.
मी पेला भरला. मला आनंद व्हायला हवा होता.

परतताना रिक्षात बोलले नाहीत.
घणसोलीत शिरलो तेव्हा बंद शटरकडे बोट केलं,
औषधाच्या दुकानाच्या.
"इथं उघाडी होती."
वारा खाडीकडून येत होता.
त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली, एकदा,
मग सावकाश, परत एकदा.
मी रस्त्याकडे बघत राहिले.
चिठ्ठीत वाऱ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.