डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा

जानेवारीत विनिपेगची हवा इतकी कोरडी होते
की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात.
बाहेर उणे चौतीस. आत हीटर रात्रभर घुरघुरतो
आणि घरात होतं नव्हतं तेवढं पाणी पिऊन टाकतो.
ओरेस्ट हाव्रिलुकच्या बोटांची पेरं भेगाळतात,
चहाच्या कपाच्या कानाला रक्ताचा बारीक डाग लागतो.

यात सापाचं काय होणार?

साप मुलाचा. डॅनिलोचा.
कॅलगरीला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला साप चालेना.
‘दोनच महिने, बाबा.’
त्या दोन महिन्यांचा हा तिसरा हिवाळा.
कॉर्न स्नेक. बिनविषारी, बीटासारखा लाल,
म्हणून नाव बोर्श्त.
पहिले सहा महिने ओरेस्ट त्याला
बॅटरी उचलायचे हातमोजे घालून पाणी ठेवत असे.

परवा बोर्श्तच्या अंगावर साय धरली,
डोळे धुरकट निळे. खाणं बंद.
हे दरवेळचंच.
पण या खेपेला कात निघाली ती तुकड्यातुकड्यांनी,
जुन्या पाकिटावरची चिकटपट्टी निघते तशी.
शेपटीला एक वळं राहिलं, करकचून,
आणि डाव्या डोळ्यावर एक पापुद्रा.

(कात टाकली, म्हणतो आपण कुणाबद्दल,
आणि कौतुक करून मोकळे होतो.
अख्खी निघाली का, हे कोण विचारतो?)

डॉक्टर लाफ्रेनियेर फोनवर म्हणाली:
तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय? नाकाशी बुडबुडे?
श्वासात शिट्टी?
नाही ना? मग आणू नका.
इथवरची थंडीच त्याला जास्त महाग पडेल.
शेपटीचं वळं सोडवा, नाहीतर टोक काळं पडून गळतं.
डोळ्याला मात्र हात लावू नका.
ऐकताय ना? हात लावू नका.

ओरेस्टने डबा काढला,
ज्यात मारुस्या नाताळचे वारेनिकी गोठवायची.
झाकणाला भोकं पाडताना
एकदा उगीचच खोलीत मागे वळून पाहिलं.
कोमट पाणी मनगटावर थेंब टाकून तपासलं,
डॅनिलोच्या बाटलीतलं दूध तपासायचा तसं.
पोटाला लागेल इतकंच.
वीस मिनिटं.
मग ओला टॉवेल मुठीत सैल धरला
आणि सापाला त्यातून त्याच्या चालीने जाऊ दिलं.

एकतीस वर्षं बस डेपोत गंजलेले बोल्ट काढले त्याने.
तेल सोडायचं, चहा पिऊन यायचं, मग पाना लावायचा.
जोर केला की डोकं हातात येतं
आणि बाकीचा आत राहतो जन्मभर.
हे डेपोत कळायचं.
घरी कळायचं नाही नेहमी.

तिसऱ्या फेरीला वळं सुटलं,
टॉवेलवर ओल्या कांद्याच्या सालीसारखं.

राहिला डोळा.
रात्री अकराला भिंग, टेबललॅम्प, चिमटा.
सापाला पापणी नसते;
डोळ्यावर काच असते, आणि तीही कातीबरोबर उतरते.
या काचेवर जुनी काच बसलेली.
कड दिसत होती. नखाएवढीही नाही.
चिमटा जवळ गेला. बोर्श्त हलला नाही,
नुसती जीभ बाहेर काढून
त्याच्या पेरावरची भेग चाचपली, आत घेतली.
ओरेस्टने दिवा मालवला.

लोण्याच्या रिकाम्या डब्यात ओलं शेवाळ भरून
आत जायला एक दार कापलं.
पुढची कात दीड महिन्यानं. तेव्हा बघू.

रविवारी डॅनिलोचा फोन. पडद्यावर चेहरा.
‘कसा आहे?’
सापाबद्दलच विचारतो तो, कायम.
‘सहाशे बारा ग्रॅम. उजवा डोळा लख्ख. डावा जरा धुरकट.’
‘आणि बोटांना पट्ट्या कसल्या?’
‘हवा.’
पलीकडे थोडा वेळ काही नाही.
‘मग बाबा, तुम्हीपण त्याच्याजवळ बसत जा.’

हसला ओरेस्ट. फोन ठेवला.
पेटीवरचा काटा साठावर. बाकी घरात चौदा.
खुर्ची ओढली, झाकण थोडं सरकवलं,
आणि वर येणाऱ्या दमट, मातकट वाफेवर
दोन्ही हात धरून बसला.