जामीनदार

लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या दुकानावर, दुसरा मजला.
पंखा तीनवर ठेवला की कागद उडतात,
दोनवर ठेवला की लॅपटॉप तापतो.
इथं बसून मी एक पतपेढी बुडवते,
रोज, दहा हजार वेळा.

तिला कळतही नाही.
समोर तिचं शटर साडेदहाला वर जातं,
नोटा मोजायचं यंत्र फुरफुरतं,
आणि इकडं माझ्या स्क्रीनवर
सोनं वीस टक्क्यांनी पडलेलं,
गुळाचे सौदे बंद,
शिरोलीतल्या फौंड्र्या गार,
पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर
सत्तेचाळीस फुटांना टेकून उभी.

चौकट मीच बांधली.
धक्के एकीकडं, खाती एकीकडं, हिशेब तिसरीकडं;
कुणाचा हात कुणाच्या खिशात नाही.
नवं संकट आणायचं तर एक फाईल पुरे:
नाव, किती पडलं, किती दिवस.
आतल्या एका ओळीलाही हात लावायचा नाही.
याचा मला गर्व होता.
थोडा अजून आहे.

दहा हजारांत बुडाली एकशे बारा वेळा.
चेअरमन शिंत्रेसाहेबांनी पेढे मागवले.
"म्हणजे आपण त्या एकशे बाराच्या भाईर."
मी मान हलवली,
हो आणि नाही यांच्या मधे कुठंतरी.

मग दस्तगीर मुजावर जिना चढून आले.
कर्जखातं, तेहतीस वर्षं,
निवृत्तीला सतरा दिवस.
बगलेत कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर.
खुर्ची दिली तरी उभेच राहिले,
स्क्रीनवर बोट न टेकवता दाखवलं:
"ह्यो अतिग्रे आन् ह्यो खाडे, दोन ओळी का?"

दोन माणसं, दोन कर्जं.

"माणसं दोन हैत की.
पण अतिग्रेला जामीन खाडे,
खाडेला जामीन तिबिले,
आन् तिबिलेला कोण? अतिग्रेच.
तिघंबी एका मोल्डिंगच्या शेडात.
शेडला कुलूप लागलं
की तीन सायकली एकदमच घरी."

रजिस्टरच्या समासात पेन्सिलीची कडी होती,
मुगाएवढी.
पानोपानी.
स्कॅन करताना यंत्रानं
डाग समजून पुसलेली.

मी कोड उघडला. मार्चमधली एक रात्र,
माझ्याच हातची टीप:
तूर्त सगळे कर्जदार एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहेत.

तूर्त.
असा शब्द मी कणीक मळतानाही वापरते.

सतरा दिवस ते वाचत गेले, मी टंकत गेले.
कोण कुणाचा साडू,
कुणाच्या दोन म्हशी एकाच डेअरीला दूध घालतात,
कुणाची भिशी कुणाकडं.
एका नावापाशी चष्मा काढून पुसला,
म्हणाले, "हिला कोणच न्हवतं. फेडलं तिनं."
आणि पान उलटलं.
त्या नावाला कडी नव्हती. ते कोणत्या रकान्यात घालायचं
मला अजून सुचलेलं नाही.

शेवटच्या दिवशी पेन्सिल टेबलावर राहिली.
विसरले की ठेवली, विचारलं नाही.

रात्री एकटीच नोंदी तपासत होते.
दोन हजार दोनशे सहा:
लॅपटॉपसाठी, साठ हजार, छत्तीस हप्ते.
कर्जदाराचं नाव माझं.
जामीनदार: तळमजला, रद्दीवाले बागवान,
ज्यांच्या गठ्ठ्यांना
जयंती नाल्याचं पाणी सगळ्यात आधी लागतं,
आणि ज्यांची स्वतःची उचलही
समोरच्याच शटरमागं.

दोन हजार दोनशे सहाला कडी लावली.
फाईलीत सत्तेचाळीस फूट तसेच ठेवले.
चालवलं.

आकडा नऊशेच्या वर गेला
आणि अजून हलत होता.
पेढ्यांचा रिकामा पुडा वाऱ्यानं सरकला.
मी उठून पंखा दोनवर केला.