याहून कमी दिसत नाही

“मले काहीच नाही झालं,
मंग रक्त काऊन घेता?”
नंदनवारांची मोक्षदा, पाचवी ब.
खुर्चीवरून पाय लोंबतात, एका बुटाची लेस सुटलेली.
मी दंडाला पट्टा बांधते, शीर चाचपते
आणि खरं तेच सांगते :
काही नाही झालं, म्हणूनच.

पाचपावलीची शाळा, चित्रकलेचा वर्ग,
डिसेंबरातले सकाळचे साडेसात.
पोरी उपाशी आल्यात,
स्वेटरची एकेक बाही कोपरापर्यंत सरकवून.
उईके, पराते, शेख, मेश्राम, पुन्हा पराते,
सहा वर्षांपासून सतरापर्यंत.
आईबापाच्या सहीखाली हिचीही सही आहे,
‘मी तयार आहे’,
अक्षर अजून दुरेघी वहीतलं.

किटच्या डब्यात घडी घातलेला कागद येतो.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, खाली तक्ता :
कुठल्याशा थंड देशातल्या बायका,
त्यांचा एफएसएच, त्यांचा एलएच,
त्यांचं महिन्याचं चढणं-उतरणं.
मुलींच्या ओळीत नुसती आडवी रेघ.
एकोणीस वर्षं मी ती रेघ वाचते,
रिपोर्टावर तशीच उतरवते.

त्याच्याही आधी
मला सोळावं लागलं होतं, आणि काहीच नव्हतं.
खाप्याची काकू आईच्या कानाशी लागायची.
मग अळीव, मग कच्ची पपई, मग मंगळवारचे उपास
(आईचे; मला भूक आवरायची नाही).
एक डॉक्टर म्हणाला, होईल.
दुसरा म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्या.
आकडा कोणाजवळच नव्हता.
आई रोज सकाळी माझं अंथरूण बघायची,
माझ्याकडे नाही.
पुढे भूमितीच्या पेपरात, शेवटच्या प्रश्नाला,
आपलं आपण आलं.
काकूनं पेढे वाटले. माफी कोणी मागितली नाही.

दुपारी लॅबमध्ये नळ्या गरगर फिरतात,
लाल खाली बसतं,
वर वरणाच्या निवळीसारखं पिवळं.
लहानग्यांपाशी मशीन अडतं, छापतं :
०.१ पेक्षा कमी.
म्हणजे नाही, असं नाही.
म्हणजे, याहून कमी मला दिसत नाही.
किती सरळ बोलतं!
काकूला हे वाक्य आयुष्यात जमलं नसतं.

ढाकाते मॅडम सांगतात,
मेंदूच्या खाली तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी,
वेळ आली की आधी रात्रीचीच जागी होते.
पोरगी झोपली की थांबून थांबून ठोके देते,
उजाडेपर्यंत पुन्हा गप्प.
मला अजनीचं क्वार्टर आठवलं,
यार्डात रात्रभर डबे जोडत,
आणि सकाळी रूळ असे, जसं काही घडलंच नाही.
सकाळच्या नळीत ते सगळं येत नाही.
मॅडम म्हणतात, तेही लिहून ठेवायचं.

फेब्रुवारीत आलेख निघेल.
दोनशे चाळीस ठिपके, नावं नाहीत.
पहिल्या पन्नासांचा कच्चा बघितला मी :
डावीकडे सगळ्या जमिनीलगत,
दहा-अकरापाशी मधली सुट्टी झाल्यासारख्या
वाट्टेल तिकडे पांगलेल्या,
एक उंच, एक पार तळाशी,
आणि दोघी धडधाकट.
तळाच्या ठिपक्यावर मी बोट ठेवलं,
जरा वेळ तसंच ठेवलं.
मॅडमनी विचारलं, काही चुकलं का?
नाही म्हटलं.

पण ते फेब्रुवारीत.
आत्ता सुई निघालीय, कापूस लागलाय.
“झालं?”
झालं.
“माहा नंबर कितवा?”
एकशे सत्तावीस.
“पयला कोन आला मंग?”
मी हसते, उत्तर देत नाही, लेबल चिकटवते.

तीन मिनिटं दाबून धर म्हटलं होतं, हिनं अर्धं धरलं.
कापूस दाराशी पडला, लेस अजून सुटलेलीच,
आणि व्हरांड्यातून आवाज :
“मावशी, पोह्यावर तर्री जास्त टाकजा,
मी रक्त देऊन आली.”